चाळणीतली रेंज

शेवटच्या माणसापर्यंत इंटरनेट पोचवणाऱ्या खात्याचे उपसंचालक दौऱ्यावर असताना लॉजच्या शेवटच्या खोलीत उतरले होते, आणि तिथे इंटरनेट पोचत नव्हतं. दुपारी संचालकपदाची ऑनलाइन मुलाखत. पुढच्या वर्षी वय आडवं येणार, म्हणजे आज नाही तर कधीच नाही. साहेब लॅपटॉप कडेवर घेऊन व्हरांडाभर हिंडले, खुर्चीवर चढले, खिडकीतून अर्धे बाहेर लोंबले. रेंजची एक काडी यायची आणि पाहुण्यासारखी उभ्या उभ्या परत जायची.

"पाटीवर लिहिलंय ना, प्रत्येक खोलीत वायफाय?" ते मॅनेजरवर कडाडले.

"आहे की, साहेब," मॅनेजर कान कोरत म्हणाला. "वायफाय जागेवरच आहे. तुमची खोली जरा लांब गेलीय."

साहेबांनी मग डोकं चालवलं. बॅगेतला वायफाय पकडणारा बोटाएवढा यूएसबी डोंगल लांब वायरीनं लॅपटॉपला जोडला, स्वयंपाकघरातून पिठाची स्टीलची चाळण मागून आणली, डोंगल तिच्या पोटात बांधला आणि चाळणीचं तोंड व्हरांड्यातून मॅनेजरच्या ऑफिसातल्या वायफायकडे केलं. चार काड्या! साहेबांनी पलंगावर उडीच मारली.

शेजारच्या खोलीतल्या बाई दारात आल्या. "दादा, आईचं ऑपरेशन आहे आज. आत नेण्याआधी एकदा बोलायचंय हो. माझ्या फोनला रेंजच नाही."

साहेब विरघळले. लॅपटॉपवरून हॉटस्पॉट सुरू केला, पासवर्डसुद्धा ठेवला नाही. "घ्या ताई, बिनधास्त घ्या. इंटरनेट काय कुणाच्या बापाचं आहे?"

ही वार्ता लॉजभर झाली. औषधांचा विक्रेता आला, नवं जोडपं आलं, खुद्द मॅनेजर सिनेमा बघायला आला. पलंगावर बूड टेकायला जागा उरली नाही आणि नेट मुंगीच्या पावलांनी चालू लागलं. तेव्हा साहेबांमधला अधिकारी जागा झाला. त्यांनी सगळ्यांना खाली उतरवून त्यांची तातडीचे, निकडीचे आणि नुसतेच गरजू अशी वर्गवारी केली.

"आईच्या ऑपरेशनचा पुरावा?" त्यांनी बाईंना विचारलं.

"आईलाच विचारा ना! लावून देते फोन."

"फोन लावण्याआधी पुरावा लागतो, ताई."

बाईंनी तरी फोन लावलाच. पडद्यावर आईचा चेहरा उमटला, ओठ हलले, आवाज तेवढा यायचा होता. नेमकी तेव्हाच साहेबांच्या मुलाखतीची घंटी वाजली. साहेबांनी झटकन हॉटस्पॉटला पासवर्ड टाकला. आईचा चेहरा थिजला आणि मग पडदा काळा झाला.

"दादा, एक मिनिट हो! हात जोडते!"

"समजून घ्या ताई. नियम सगळ्यांना सारखा." साहेबांनी सगळ्यांना बाहेर काढलं आणि कडी लावली.

"माझ्या खोलीचं दार जनतेसाठी कायम उघडं असतं," ते मुलाखतीत म्हणाले, आणि त्यांनी खरंच रुमाल काढला. समितीच्या अध्यक्षांनी चष्मा पुसला. निवड तिथल्या तिथे झाली. दारावरच्या थापा कुणालाच ऐकू गेल्या नाहीत, कारण साहेबांनी हेडफोन उत्तम प्रतीचा घेतला होता.

साहेबांना पोटभर शिव्या घालून झाल्या असतील, तर एक सांगा. परवा शेजारच्या वहिनी तुमच्या वायफायचा पासवर्ड मागायला आल्या होत्या. "आमचंही नेट सकाळपासून बंद आहे हो," असं दारातच कोण म्हणालं होतं?