मुलीचे मामा आणि रिव्हर्सचे दिवे

गाडीचं वायरिंग मी स्वतः करायचं ठरवलं, तेव्हा घरात एकाच माणसाचा माझ्यावर विश्वास होता. तो माणूस मी! बी.एस्सी. फिजिक्स! दोन स्विच आणि चार वायरी माझं काय वाकडं करणार?

गाडी आमच्या बाबांची. चौसष्ट सालची, विलायती, बिनक्लचची आणि लांबीला होडीएवढी. माझ्या भाचीचा, मयूरीचा हट्ट होता, "मामा, मांडवात जाईन तर आजोबांच्याच गाडीतून!" सरावलीहून बोर्डी. मुहूर्त अकरा बावन्नचा. मुलीला मांडवात आणायचा मान मामाचा, म्हणजे माझा.

अशा गाडीच्या गिअरबॉक्सवर दोन स्विच असतात. एक सुरक्षेचा. गिअर न्यूट्रलला असेल तरच तो इंजिन चालू होऊ देतो. दुसरा रिव्हर्सच्या दिव्यांचा. साठ वर्षांत चारही वायरी एकाच मातकट रंगाच्या झाल्या होत्या. मी अंतःप्रेरणेने जोडल्या.

"अहो, कुणा इलेक्ट्रिशियनला दाखवा," बायको म्हणाली.

"नूतन, मी पदवीधर आहे!"

"म्हणूनच म्हणते."

सकाळी न्यूट्रलमध्ये गाडी ढिम्म. वैतागून गिअरचा दांडा मागे ओढला, आणि इंजिन घुर्र करून चालू! गाडी शेडमधून उलटीच बाहेर काढायची असते. ती उलटीच निघाली. मला वाटलं, तिला माझं मन कळतं.

मयूरी आणि नूतनला मागे बसवून निघालो. खाडीच्या पुलाअलीकडे वाहतूक तुंबली होती. मी गिअर न्यूट्रलला टाकला, आणि मागे हॉर्नचा कल्लोळ! आरशात पाहतो तर मागचा चिकूचा टेम्पो घाबऱ्या घाबऱ्या मागे सरकत होता. त्याच्यामागची रिक्षाही.

टेम्पोवाला उतरून आला. "ओ शेठ, पुढे जायचं की मागे, एकदा ठरवा ना!"

"मी तर थांबलोय!"

"मग मागचे पांढरे दिवे कशाला लावलेत?"

तेवढ्यात इंजिन बंद पडलं. चावी फिरवली. शांतता. दांडा रिव्हर्सला ओढून फिरवली, आणि गाडीने मागे अशी उडी मारली की मयूरीची मुंडावळी कानावर गेली! टेम्पो अगोदरच मागे सरकला होता, म्हणून चिकू वाचले. माझ्या एका चुकीने दुसरीला सांभाळून घेतलं. असे उपकार सख्खे भाऊही करत नाहीत.

तापलेलं इंजिन पुढचा गिअर टाकला की बंद. चालू केलं की गाडी मागे. तीन प्रयत्नांत बोर्डी आणखी साठ फूट लांब गेली. अकरा दहा झाले होते.

"मामा, मुहूर्त!" मयूरीचा आवाज रडवेला झाला.

टेम्पोवाल्याने गाडीखाली डोकावून पाहिलं. "स्विचच्या वायरी उलट्यासुलट्या लागल्यात. कुठल्या अडाण्याने जोडल्या हो?"

"आहे एक ओळखीचा," मी म्हणालो.

"तलासरीचा मुकेश मी. ताई, बसा टेम्पोत, पोचवतो! मामींनाही घेतो."

गाडी रस्ता अडवून उभी, लोक मला हलू देईनात. चिकूच्या क्रेटमधून शालू सावरत नवरी गेली, आणि पकड घेऊन मी गाडीखाली गेलो.

पोचलो तेव्हा साडेबारा वाजले होते. अक्षता पडून गेल्या होत्या! भटजींनी "मुलीचे मामा!" पुकारलं, तेव्हा म्हणे दोन क्षण कुणीच उठेना. मग मयूरीने सरळ मुकेशचा हात धरला. तोच तिला मांडवात घेऊन गेला. मामाची टोपी आणि टॉवेलही त्यालाच मिळाले.

मला पाहून तो बिचारा टोपी काढू लागला. "शेठ, हे तुमचं."

मी ती दोन्ही हातांनी परत त्याच्या डोक्यावर बसवली. "राहू दे रे! तू नसतास तर माझ्या पोरीचा मुहूर्त गेला असता." हे मी मनापासून म्हणालो.

तेवढ्यात फोटोग्राफर ओरडला, "मामा मध्ये! आणि हे ऑइल लागलेले काका कोण?"

मुकेशने प्रेमाने माझ्या खांद्यावर हात टाकला. "घ्या त्यांना पण. आपलेच आहेत. गाडीवर होते."

मी कडेला उभा राहिलो. हातात अजून पकड होती.