दोन झटक्यांचा नकार

दातांच्या डॉक्टरांना वरच्या मजल्यावरची खोली जीव गेला तरी सोडायची नव्हती. बायकोला ती आपल्या दादासाठी हवी होती. दादा बँडमधून नुकताच निवृत्त झालेला, आणि सोबत त्याचं ट्रम्पेट. सहा महिने ती विचारत होती आणि सहा महिने डॉक्टर "बघू" म्हणत होते. एरवी बोलण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. पेशंटच्या तोंडात कापूस कोंबून हे त्याला राजकारण समजावत, आणि त्याचं "आं आं" खुशाल होकार धरून चालत.

दर रविवारी नवरा-बायको गिर्यारोहण क्लबाबरोबर वालुकाश्माच्या जुन्या खाणीत कडा चढायला जात. त्या रविवारी डॉक्टर पन्नास फूट वर पोचले होते, कमरेचा दोर माथ्यावरच्या कडीतून खाली बायकोच्या हातात. एका कपारीत हात घालणार, तोच समोर दोन पिवळे डोळे! घुबडाची मादी अंड्यांवर बसली होती.

"घरटं आहे," डॉक्टर कसेबसे म्हणाले.

"मग आता एक शब्द नाही!" खालून क्लबच्या सेक्रेटरीबाईंनी दबक्या आवाजात दटावलं. बाई निवृत्त मुख्याध्यापिका; क्लबचे नियम त्यांचेच. "ती उडाली तर अंडी गार पडतील. काही सांगायचं तर दोर ओढा. एक झटका म्हणजे हो, दोन झटके म्हणजे नाही."

खाणीत खालची कुजबूजही वर स्पष्ट ऐकू जाई.

"अहो, ठीक आहात ना?" बायकोनं विचारलं.

एक झटका.

"खाली घेऊ?"

एक झटका.

"घेते हं. तेवढं एक सांगा. दादाला वरची खोली द्यायची ना? ट्रम्पेटसकट?"

डॉक्टरांच्या अंगाचा तिळपापड झाला. पण बोलणार कसं? दात-ओठ खात त्यांनी दोर ओढला. त्या ओढीसरशी दोर खालच्या एका फटीत जाऊन बसला आणि दुसरा झटका तिथंच जिरला. डॉक्टर ओढताहेत, ओढताहेत, अन् खाली काही म्हणजे काही पोचत नाही.

"अय्या, हो म्हणाले!" बायको हरखली. "तुम्ही पाहिलंत ना?"

"पाहिलं. वहीत लिहिलंसुद्धा," सेक्रेटरीबाई म्हणाल्या.

बायकोनं दोर हिसडून फटीतून मोकळा केला आणि नवऱ्याला अलगद खाली उतरवलं.

"साफ खोटं! मी नाही म्हणत होतो!" जमिनीला पाय लागताच डॉक्टर उसळले. "दोर अडकला होता!"

"मग परत वर जाऊन नाही म्हणून या," बायको म्हणाली.

"मुळीच जायचं नाही," सेक्रेटरीबाईंनी निकाल दिला. "होकार दोरानं दिलाय, नकारही दोरानंच द्यायचा. आणि पिल्लं उडेपर्यंत ही भिंत बंद. दोन महिने धरून चाला."

दादा सोमवारी सकाळीच सामानासकट हजर झाला. रोज पहाटे पाचला ट्रम्पेट सुरू. दिवसाही रियाज चालूच, त्यामुळे खालच्या दवाखान्यातले पेशंट तोंड उघडण्याआधी कानात घालायला कापूस मागू लागले. डॉक्टर बिचारे दर रविवारी दुर्बीण घेऊन खाणीत लांब उभे राहायचे आणि काकुळतीला येऊन पुटपुटायचे, "उडा रे बाळांनो, उडा!"

उडाली एकदाची! भिंत खुली झाली त्याच सकाळी डॉक्टर कमरेला दोर बांधून सरसर वर चढले. वाटेत ती फट त्यांनी कापसानं गच्च भरून टाकली, धंद्याची सवय. कपारीशी पोचतात न पोचतात तोच खालून हाक आली, "जावईबापू..."

पुढचं ऐकतंय कोण! डॉक्टरांनी दोन सणसणीत झटके हाणले. दोन्ही पोचले. त्यांचा जीव भांड्यात पडला, आणि मग त्यांनी खाली पाहिलं. आज दोर बायकोच्या हातात नव्हता, दादाच्या हातात होता.

"दादा, तू विचारलंस तरी काय?" बायको म्हणाली.

"खाली घेऊ का, म्हटलं. नाही म्हणतात." दादानं दोर झाडाला पक्का बांधला. "राहू दे त्यांना निवांत."

डॉक्टर वरून जीव तोडून ओरडू लागले. पण आता घरटं रिकामं होतं, आवाजाची बंदी उठली होती, आणि दादानं ट्रम्पेट ओठांना लावलं होतं.