भट्टीवाल्याच्या घरातली थंडी

रास अल खैमातल्या टाइल्सच्या कारखान्यात सदानंद गोगटे भट्टी सांभाळायचा. अकराशे अंशांची उष्णता जो माणूस वर्षानुवर्षं भिंतीआड कोंडून ठेवतो, त्याला घरातली ऊब राखणं म्हणजे पोरखेळ वाटणारच!

"आजपासून हीटर बंद!" दोन हजार नऊच्या जानेवारीत त्याने जाहीर केलं. मंदीमुळे कंपनीने विजेचा भत्ता काढला होता आणि हीटरने महिन्यात तीनशे दिरहॅम, म्हणजे चार हजार रुपये गिळले होते. "उष्णता निर्माण करायची नसते शोभना, असलेली बाहेर जाऊ द्यायची नसते!"

"पण असलेली आहे कुठे?" शोभनाने विचारलं.

प्रश्न रास्त होता. वाळवंटातला वारा खिडक्यांच्या फटींतून शीळ घालत आत यायचा आणि गारठलेल्या फरशीवर कुणालाच पाय ठेववत नव्हता. पण सदानंद ऐकतोय कसला! शुक्रवारी त्याने कारखान्यातून टाइल्सचे रिकामे खोके आणले आणि फाडून खिडक्यांवर चिकटवले. हॉलमधलं सामान गालिच्यासकट बेडरूममध्ये कोंबलं. तिघांनी एकाच खोलीत राहायचं, अंगाच्या उबेनेच ती तापेल!

"पपा, धिस इज अ गोडाऊन," ईश्वरी दोन पांघरुणांखालून म्हणाली.

खोली काही तापली नाही. शोभनाला मात्र अशी सर्दी झाली की डोळ्यांना धार लागली. नेमक्या तेव्हाच शेजारच्या बदरुन्निसाभाभी आल्या. बघतात तर काय, हॉल रिकामा, दाराशी उरलेल्या खोक्यांची चळत आणि रडवेली शोभना!

"हाय अल्ला! आप लोग जा रहे हैं?"

शोभनाला वाटलं, हॉल सोडून आतल्या खोलीत जाण्याबद्दलच विचारतायत. "क्या करें भाभी," ती नाक पुसत म्हणाली, "अब यहाँ रहा नहीं जाता."

नोकरी गेलेली माणसं तेव्हा एअरपोर्टवर गाड्या सोडून मायदेश गाठत होती. संध्याकाळपर्यंत बिल्डिंगभर झालं, गोगटे निघाले! वॉचमन खैरुद्दीन फ्रिज बघायला आला. दोघांनी सोफ्याची चौकशी केली. शाळेतून फोन आला, मुलीचा दाखला कधी नेताय?

"आम्ही कुठेही जात नाही!" सदानंद जिन्यात उभा राहून ओरडला.

"सब यही बोलते हैं, साब," खैरुद्दीनने धीर दिला. "मैं किसी को नहीं बताऊँगा."

बातमी कारखान्यातही पोचली आणि सोमवारी मॅनेजर सबनीसांनी बोलावलं. "गोगटे, बरं केलंत. भट्टीवरचा एक माणूस कमी करायचा होता, आठ दिवस मला झोप नव्हती. तुम्ही आपणहून निघालात, सुटलो! कालच हेड ऑफिसला तुमचं नाव कळवलं. खलास!"

"सर, मी फक्त खिडक्यांना खोके लावले होते!"

सबनीसांनी हळुवारपणे पाण्याचा ग्लास पुढे सरकवला.

व्हिसा रद्द झाला की महिनाभरात चंबूगबाळं आवरायचं. ईश्वरीची परीक्षा मार्चमध्ये! हेड ऑफिसला आत्ता फोन केला तर अजून फिरवता येईल, म्हणून सदानंद घाईने बाहेर पडला. दारात चिपळूणकडचा केरू उभा होता, त्याच्या हाताखालचा भट्टीवरचा कामगार. त्याने वाकून पायच धरले.

"साहेब, यादीत माझं नाव होतं. तुम्ही आपली जागा सोडून मला वाचवलंत! तीन मुली आहेत हो मला..."

केरूचे भाजल्याच्या डागांनी भरलेले हात सदानंदच्या बुटांवर होते. सत्य ओठांशी आलं होतं. एक वाक्य, बस!

"अरे, त्यात काय," सदानंदने स्वतःलाच बोलताना ऐकलं. "ऊठ. तापमानावर लक्ष ठेवत जा."

घरी आल्यावर शोभनाने विचारलं, "मग? कशाला बोलावलं होतं साहेबांनी? भांडलात का त्यांच्याशी?"

सदानंदने केरूने दिलेला पुडा टेबलावर ठेवला. ईश्वरीने झटकन तो उघडला.

"वॉव, पेढे! पपा, व्हॉट आर वी सेलिब्रेटिंग?"