रिव्हर्स सोडून सगळं चालतं

जाहिरात लिहायला एल्डन केटलरला चार दिवस लागले. ती वाचून कुणीही गाडी विकत घेऊ नये, यासाठी त्या चार दिवसांत त्याने जिवाचं रान केलं. 'विकणे आहे. १९५६ सालची चार दारांची गाडी. चालत्या स्थितीत. थोडं काम बाकी.' एवढं लिहून त्याने पुढे बाकी कामांची बावीस कलमी यादी जोडली. किंमत अशी बेताने लावली की बायकोला संशय येऊ नये, पण गिऱ्हाइकाला घाम फुटावा.

बायकोचं नाव लॉर्ना. चौदा वर्षं ती जुनी गाडी गॅरेजमध्ये हातपाय पसरून बसली होती आणि चौदा हिवाळे लॉर्नाची छोटी, गुणी गाडी बाहेर बर्फात उभी होती. सकाळी वृद्धाश्रमातल्या कामावर निघण्याआधी लॉर्ना अर्धा तास काचेवरचा बर्फ खरवडायची. एल्डन आतून कॉफीचा मग धरून तिच्याकडे मोठ्या सहानुभूतीने पाहायचा. त्याने इंजिन सहा वेळा खोललं होतं आणि सहा वेळा जोडलं होतं. दर वेळी दोनचार नट शिल्लक राहायचे. ते तो कॉफीच्या रिकाम्या डब्यात टाकायचा आणि यालाच अनुभव म्हणायचा.

"विकून टाक," लॉर्ना दर हिवाळ्यात म्हणायची.

"अगं, पण घेणार कोण हिला?" हे एल्डनचं ठरलेलं उत्तर होतं.

यंदा मात्र लॉर्नाने त्याला त्याच्याच शब्दांत पकडलं. "जाहिरात तर दे! ऑगस्टमधल्या गावच्या मक्याच्या मेळ्यापर्यंत कुणी घ्यायला तयार झालं नाही, तर मी जन्मात पुन्हा तोंड उघडणार नाही. पण एक जरी गिऱ्हाईक तयार झालं, तर गाडी जाणार. आहे कबूल?"

एल्डनला हो म्हणावंच लागलं. शनिवार-रविवारी त्या गाडीखाली पाठीवर पडायचं, रेडिओवर बेसबॉल ऐकायचा आणि एखादा नट उगाच सैल करून पुन्हा आवळायचा, एवढंच त्याचं जगातलं सुख होतं. तेही गेलं तर सुट्टीच्या दिवशी बायकोशी बोलत बसावं लागलं असतं.

सुरुवातीला देव त्याच्या बाजूने होता. तीन जण गाडी बघायला आले. तिघांनीही बॉनेटवर कोपर टेकून 'माझ्या वडिलांकडे अशीच होती' इथून सुरुवात केली, तासभर वडिलांविषयी सांगितलं, डोळे पुसले आणि किंमतही न विचारता निघून गेले. आपल्या गावात जुनी गाडी बघायला येणाऱ्यांना गाडी नको असते, कान हवे असतात, हे एल्डनला ठाऊक होतं. तो मन लावून ऐकत राहिला.

मेळ्याच्या दिवशी सकाळी डॉक्टर प्रूट आले. पलीकडच्या गावातले हे निवृत्त दंतवैद्य वडिलांविषयी चकार शब्द बोलले नाहीत. त्यांनी खिशातून लोहचुंबक काढलं. पत्रा खरा की पुट्टीचा, हे त्यावरून कळतं. आता खरं बोलण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

"डॉक्टरसाहेब, आधीच सांगतो, पुढची मडगार्डं निम्मी पुट्टीची आहेत."

डॉक्टरांनी चुंबक मडगार्डला लावलं. ते टपकन गवतात पडलं. "खरंच की!" डॉक्टर खूश झाले.

"तेल गळतं."

"किती?"

"घालाल तेवढं."

"वा!"

"आणि रिव्हर्स गिअर तर नाहीच. मागे जातच नाही ती."

"पुढे जाते ना?"

"पुढे जाते," एल्डन नाइलाजाने म्हणाला.

डॉक्टरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "चाळीस वर्षं लोकांची तोंडं तपासलीत मी. सगळे कीड लपवतात. स्वतःहून कीड दाखवणारा माणूस आज पहिल्यांदा भेटला. सांगितलेल्या किमतीत गाडी घेतो मी."

स्वयंपाकघराच्या खिडकीतून लॉर्ना हे सगळं ऐकत होती आणि गेल्या कित्येक वर्षांत दिसली नव्हती इतकी सुंदर दिसत होती.

"अहो, पण एकदा चालवून तर बघा!" एल्डन घाईघाईने म्हणाला. शाळेजवळचा चढ त्याच्या डोळ्यांसमोर आला होता. त्या चढावर ही गाडी हमखास बंद पडायची.

"मीपण येते," लॉर्ना पर्स घेऊन बाहेर आली आणि मागच्या सीटवर बसली. "नाहीतर हा मुद्दाम बंद पाडेल."

चौदा वर्षांत पहिल्यांदा गाडी एका दमात सुरू झाली. एल्डनने मनातल्या मनात तिला शिव्या घातल्या आणि शाळेची वाट धरली. आज मेळा आहे आणि मेळ्याची मिरवणूक शाळेपासूनच निघते, हे दुःखाच्या भरात तो साफ विसरला होता. वळणावर मिरवणुकीचा बंदोबस्त करायला रॉस्को उभा होता. एरवी रॉस्कोचं घरात मांजरही ऐकत नसे. आज त्याच्या अंगात नारिंगी जाकीट होतं आणि तोंडात शिट्टी.

"ए एल्डन! जुन्या गाड्यांची रांग इकडे! घे पुढे, ट्रॅक्टरच्या मागे!"

"अरे, मी मिरवणुकीत नाहीये!"

"नाहीयेस तर मागे घे."

"मागे जात नाही ती!"

"मग आहेस तू मिरवणुकीत," रॉस्को म्हणाला आणि त्याने शिट्टी फुंकली.

पुढे ट्रॅक्टर आणि मागे शाळेचा बँड, अशी मिरवणूक मुंगीच्या पावलांनी निघाली. त्या चालीने दोन मिनिटांत इंजिन तापलं. ते फुटू नये म्हणून एल्डनने गाडीतला हीटर पूर्ण सोडला, म्हणजे इंजिनाची गरमी माणसांवर आली. ऑगस्टचं ऊन बाहेरून होतंच. डॉक्टर काच खाली करायला गेले आणि काचेचा दांडा त्यांच्या हातात आला.

"बाविसावं कलम," एल्डन आशेने म्हणाला. "घेताय का अजून?"

"वाचलं होतं मी ते," डॉक्टर क्षीण आवाजात म्हणाले. "घेतोय."

मागे लॉर्ना घामाने निथळत होती आणि हाताने वारा घेत होती. लोकांना वाटलं, बाई हात हलवताहेत. लोकांनीही हात हलवले. मुलं गाडीबरोबर धावत "गोळ्या! गोळ्या!" ओरडायला लागली, कारण मिरवणुकीतल्या माणसाने गोळ्या उधळायच्या असतात. लॉर्नाने पर्स पालथी केली. तीत खोकल्याच्या गोळ्यांची दोन पाकिटं निघाली.

"डॉक्टर, टाका!"

"बाई, मी आयुष्यभर मुलांना गोळ्या खाऊ नका म्हणून सांगत आलो..."

"टाका म्हणते ना!"

डॉक्टरांनी मान फिरवून गोळ्या उधळल्या. एवढ्यात बँकेच्या चौकात वृद्धाश्रमातल्या चाकांच्या खुर्च्यांची रांग दिसली. "अगंबाई, ही तर आपली लॉर्ना!" कुणीतरी चिरक्या आवाजात ओरडलं आणि सगळी रांग टाळ्या वाजवायला लागली. ध्वनिक्षेपकावरच्या माणसानेही नाव उचललं, "आणि या आल्या लॉर्ना केटलर!" एकोणीस वर्षं त्या म्हाताऱ्यांना लॉर्नाने न्हाऊमाखू घातलं होतं, पण तिच्यासाठी टाळी आजवर कुणी वाजवली नव्हती. वारा घेणं थांबवून ती खरोखरच हात हलवायला लागली.

मैदानात पोचल्यावर गाडीने वाफ सोडली आणि मान टाकली. जुन्या गाड्यांच्या स्पर्धेचे तीन परीक्षक भोवती फिरले, खाली वाकले, गंज पाहून माना डोलावल्या आणि भला मोठा चषक घेऊन आले. "पहिलं बक्षीस! हात न लावलेली, मूळ स्थितीतली गाडी!"

"हात न लावलेली?" एल्डन उसळला. "अहो, चौदा वर्षं दर शनिवार-रविवार मी हिचं काम करतोय!"

परीक्षक पोट धरधरून हसले. "मोठे गमत्ये आहात हो तुम्ही!" त्यांच्यातला म्होरक्या म्हणाला आणि चषक त्याने मागच्या सीटवर लॉर्नाच्या मांडीत ठेवला.

डॉक्टर प्रूट कसेबसे बाहेर आले. त्यांचा शर्ट अंगाला चिकटला होता, पण डोळे चमकत होते. "आता तर वर थोडे जास्त देतो!"

एल्डनने डोळे मिटून घेतले.

"गाडी विकायची नाही," लॉर्ना म्हणाली.

"बाई, पण विकायला तर तुम्हीच..."

"मीच म्हटलं होतं आणि आता मीच नाही म्हणतेय. दमलात तुम्ही, डॉक्टर. तिकडे लिंबाचं सरबत मिळतंय."

एल्डनने भर मैदानात बायकोला मिठी मारली. लग्नानंतर हा प्रकार पहिल्यांदाच घडत होता. "लॉर्ना! बघच तू आता! उद्यापासून भिडतो. आधी रिव्हर्स, मग काचा, मग..."

"एल्डन, बक्षीस कशाचं मिळालंय?"

"हात न लावल्याचं."

"मग?"

एल्डनचे हात हळूहळू खाली आले.

त्याच संध्याकाळी चार माणसांनी ढकलून गाडी गॅरेजमध्ये घातली. लॉर्नाने तिच्यावर नवी चादर पांघरली, दाराला कुलूप ठोकलं आणि किल्ली गळ्यातल्या साखळीत अडकवली. पुढच्या वर्षीच्या मिरवणुकीत तिने नावही घातलं. तिची स्वतःची गाडी या हिवाळ्यातही बाहेरच राहणार होती. शेजारणीने ते लक्षात आणून दिलं तेव्हा लॉर्ना म्हणाली, "राहू दे गं. तिला काय होतंय!"

एल्डनने बुधवारपर्यंत कळ काढली. गुरुवारी लॉर्ना कामावरून आल्यावर तो तिच्या छोट्या गाडीभोवती दोनदा फिरला आणि कान लावून उभा राहिला.

"काय झालं?"

"जरासा आवाज येतोय बघ. पाच मिनिटांचं काम आहे."

रविवारी चर्चला जायच्या वेळी छोट्या गाडीचं इंजिन अंगणात वर्तमानपत्रावर पसरलेलं होतं. लॉर्नाने ते पाहिलं आणि गळ्यातली किल्ली काढली. एल्डनने जुनी गाडी एकट्याने ढकलत बाहेर काढली, निवलेलं इंजिन सुरू केलं आणि लॉर्ना मागच्या सीटवर जाऊन बसली, कारण घरात चालती गाडी तेवढी एकच उरली होती.