सहाव्या हाताचं काम चालू आहे

किम्वांबा गावाच्या मत्स्य कार्यालयात समुद्र नाही, ही गोष्ट वरिष्ठांच्या लक्षात आली तेव्हा त्यांना अतिशय वाईट वाटलं. भरतीचं पाणी कार्यालयाच्या मागच्या भिंतीवर आपटत असे, हे खरं. पण त्या बाजूच्या सगळ्या खिडक्यांपुढे कपाटं लावलेली होती, आणि ती हलवायची तर कोणत्या विभागाची हे आधी ठरवावं लागलं असतं. त्यापेक्षा समुद्रच आत आणणं सोपं होतं. म्हणून परवान्यांच्या खिडकीसमोर, जिथे होडीवाले रांगेत ताटकळतात तिथे, काचेची एक छोटी टाकी बसवायचं ठरलं. उद्घाटनाला खुद्द गव्हर्नर येणार होते.

टाकीत समुद्राचं पाणी मात्र घालता आलं नाही. ते काढायला पर्यावरण खात्याची परवानगी लागते, आणि तो अर्ज घेणाऱ्या बाई बाळंतपणाच्या रजेवर होत्या. तेव्हा परदेशातून समुद्री मिठाची पाकिटं मागवली आणि ती नळाच्या पाण्यात ढवळली.

राहता राहिला प्राणी. ते काम सौमू म्वाचिरोवर आलं, कारण अख्ख्या कार्यालयात पोहता येणारी ती एकटीच होती. संचालक कालुमे साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं.

"सौमू, प्राणी असाधारण पाहिजे. मासा नको. मासा दिसला की आपल्या लोकांना भूक लागते."

"टाकी छोटी आहे साहेब. लहानसंच काहीतरी, चिवट..."

"ते तू बघ. गव्हर्नरना टाकी रिकामी दिसली, तर तुझी उत्तरेला बदली. वरून तसा फोन आहे."

उत्तरेला, वाळवंटाच्या कडेला, खात्याचं आणखी एक कार्यालय होतं. तिथलं तळं कधीच आटलं होतं, कार्यालय मात्र भक्कम होतं. घरी सौमू आणि तिची आई मेजुमा, दोघीच. आई रोज सकाळी बंदरावर नारळाच्या दुधात शिजवलेल्या तुरी विकायची, आणि ते पातेलं एकटीने उचलण्याइतके तिचे गुडघे आता राहिले नव्हते. सौमू गेली तर म्हातारीचं कसं होणार, हा विचारसुद्धा तिला सहन होईना.

निवड समिती नेमली गेली. समितीने सर्वप्रथम दुबईचा अभ्यासदौरा केला आणि अत्तराच्या बाटल्या व 'टाकीत पाणी असणे इष्ट' हा निष्कर्ष घेऊन ती परतली. मग सौमूने एकेक प्राणी सुचवायला सुरुवात केली. समुद्रघोडा सुचवला, पण त्यांच्यात नर पिल्लं पोटात वागवतो हे कळल्यावर समितीतल्या ज्येष्ठांनी घसे साफ केले आणि विषय पुढे ढकलला. माशांच्या अंगावरची घाण वेचून खाणारी कोळंबी सुचवली, तर सफाई कामगार संघटनेचं निवेदन आलं. ऑक्टोपस रात्री झाकण उघडून निघून जातो म्हटल्यावर साहेब विचारात पडले.

"म्हणजे कार्यालयीन वेळेत जागेवर असतो?"

"असतो साहेब."

"मग नको. लोक तुलना करतील."

शेवटी तिने दुसऱ्याच्या शंखात घुसून राहणारा खेकडा सुचवला. निवृत्त होऊनही सरकारी बंगल्यात राहणारे माजी उपसंचालक समितीवर सल्लागार होते. त्यांनी रागाने सभा सोडली. बंगला तेव्हाही सोडला नाही.

"आता लोकांनाच विचारू," साहेब म्हणाले. कायद्याने विचारावं लागतंच. फुटबॉलच्या मैदानात मांडव पडला, आणि सोडा-पाव मिळणार म्हटल्यावर गावातले सहाही वॉर्ड लोटले.

"प्राणी कुठून आणणार?" बाजार वॉर्डाच्या एका बाईंनी विचारलं.

"खडकातून, ओहोटीला," सौमू म्हणाली.

"कुणाच्या खडकातून, ते विचारतेय मी! दवाखाना बंदर वॉर्डात, शाळा बंदर वॉर्डात. आता टाकीतसुद्धा त्यांचाच पाहुणा का?"

"तुमच्याकडे खडक आहे तरी का, बाई? गटारात काय सापडतं ते आणा," बंदरवाल्यांतून आवाज आला.

मग जिवेनी वॉर्डाचे चेंगो म्हातारबा काठी टेकत उठले. जिवेनी म्हणजे गावाच्या टोकाची गरीब वस्ती, सौमू तिथलीच. "आम्हाला रस्ता नाही, नळ नाही. असू दे. त्याची आता सवय झाली," ते म्हणाले. "पण निदान टाकीत तरी आमचा वाटा ठेवा की रे!"

मांडवाने जोरदार टाळ्या वाजवल्या, आणि प्राण्यामध्ये सर्व वॉर्डांना समान प्रतिनिधित्व असावं असा ठराव एकमताने संमत झाला. रस्त्याचा विषय सोडा संपल्यामुळे घेता आला नाही.

सौमूला तारामासा सुचला. प्रत्येक वॉर्डाला एकेक हात. साहेबांनी तिची पाठ थोपटली आणि मग स्वतःच्या बोटांवर मोजलं.

"हात पाच. वॉर्ड सहा."

"हो साहेब."

"एका वॉर्डाला हात नाही दिला तर इथे दगड येतील. सहा हातांचा बघ."

"तसा लाखात एखादा असतो साहेब."

"असाधारण म्हणजे आणखी काय असतं?"

त्यानंतर जेव्हा जेव्हा ओहोटी लागली, तेव्हा तेव्हा सौमू गुडघाभर पाण्यात वाकून डबकी धुंडाळू लागली. मेजुमा खडकावर बसून तिची करमणूक करायची. "अगं, सुईदोरा आणू का? एखाद्याला शिवून टाक एक हात! गव्हर्नर काय ओढून बघणार आहे?" सौमू हसायची, आणि हसता हसता तिचे डोळे भरून यायचे. उद्घाटन अगदी तोंडावर आलं, तेव्हा जिवेनीच्याच एका डबक्यात, उलथलेल्या दगडाखाली, बांगडीएवढा राखाडी तारामासा दिसला. तिने हात मोजले. पुन्हा मोजले. सहा! सौमू पाण्यातच फतकल मारून बसली.

अशा जिवाला नव्या पाण्याची सवय थेंबाथेंबाने लावावी लागते, हे तिने साहेबांना परोपरीने सांगितलं. पण फोटोग्राफरला पुढे एका लग्नाला जायचं होतं. साहेबांनी बादली उचलली आणि हसऱ्या चेहऱ्याने तारामासा टाकीत ओतला. कोणता हात कुणाचा हे कळावं म्हणून काचेवर वॉर्डांची नावं चिकटवली. तारामाशाला ती वाचता येत नव्हती. दुपारपर्यंत तो असा काही फिरला की बाजाराचा हात बंदरात गेला आणि दोन्हीकडची शिष्टमंडळं दारात येऊन उभी राहिली.

उद्घाटनाच्या दिवशी सकाळी सौमूने टाकीत पाहिलं. एक हात सुटून तळाशी पडला होता.

"कुणाचा?" साहेबांनी विचारलं.

"तारामाशाचा, साहेब." ती रडायच्या बेतात आली होती.

"ते मला दिसतंय. वॉर्ड कुठला?"

ओळख पटवायला सगळ्या वॉर्डांच्या प्रतिनिधींना तातडीने बोलावलं. पाच जणांनी आल्या आल्या आपापला हात शाबूत असल्याचं छातीठोकपणे सांगितलं. एकाने तर खूणसुद्धा दाखवली. चेंगो म्हातारबा रस्ता नसल्यामुळे उशिरा पोहोचले. तोवर गळालेला हात जिवेनीचा ठरला होता.

"साहेब, हात परत येतो," सौमू काकुळतीने म्हणाली. "वेळ लागतो, पण आपोआप येतो."

"आपोआप? कंत्राटदाराशिवाय?" साहेब खुर्चीतून उठले. असं काम त्यांनी अख्ख्या नोकरीत पाहिलं नव्हतं. गव्हर्नरांची गाडी आवारात शिरली तेव्हा टाकीवरच्या पाटीचा रंग अजून ओला होता: 'जिवेनी वॉर्ड. सहाव्या हाताचं काम चालू आहे. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. प्रभारी अधिकारी: सौमू म्वाचिरो.'

गव्हर्नरांनी पाटी वाचली आणि ते हेलावले. "जिवेनीच्या विकासाचं काम सुरू झालं आहे," त्यांनी भाषणात जाहीर केलं. सौमूचं त्यांनी नाव घेऊन कौतुक केलं. इतकी कर्तबगार मुलगी उत्तरेलाच हवी, असं ते म्हणाले. मात्र हातातलं काम पुरं होईपर्यंत तिला इथून हलवू नये, असाही आदेश दिला.

काम पुढे सरकू लागलं. आधी नुसता कोंब आला, मग बोटाच्या पेराएवढं काहीतरी दिसायला लागलं. जिवेनीचे लोक परवान्याच्या निमित्ताने यायचे, काचेला नाक लावून बघायचे आणि समाधानाने चालत घरी जायचे. रस्त्याबद्दल आता कुणी बोलत नसे. आपलं काम चालू आहे, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

आणि एके दिवशी तो हात इतर पाचांच्या बरोबरीचा झाला. ते आधी सौमूला दिसलं, आणि तिला उत्तरेची बदली आठवली. तिने कुणाला काही सांगितलं नाही. पाटी होती तशीच ठेवली आणि वाट पाहत बसली. चेंगो म्हातारबा आले. त्यांनी काठीच्या टोकाने काचेवरून मोजलं, "...चार, पाच, सहा." मग मान वर करून पाटी वाचली, पुन्हा खाली पाहिलं.

"सहा दिसतात खरे," ते पुटपुटले. "पण चालू आहे म्हणतात, म्हणजे चालूच असणार. सरकार उगाच कशाला लिहील?"

त्यांच्या मागे मेजुमा आली होती. तिने एकदाच मोजलं आणि आनंदाने ओरडली, "अगो बाई! पुरा झाला की गं!"

"आई, हळू बोल," सौमू दातांतून म्हणाली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

मेजुमाने लेकीकडे पाहिलं. पाटीकडे पाहिलं. मग कमरेवर हात ठेवून ती रांगेकडे वळली आणि बंदरावर तुरी विकताना लावायची तोच आवाज तिने लावला. "छे हो, कसला पुरा! डोळेच फुटले माझे. बराच बाकी आहे अजून, बराच!"

रांगेतल्यांनी माना उंचावून टाकीत पाहिलं आणि एकमुखाने सांगितलं, खरंय, बराच बाकी आहे.

हे वाचून ज्यांना हसू आलं असेल त्यांनी आपल्या गल्लीच्या तोंडाशी 'काम चालू आहे' ची पाटी आहे, तिथे एकदा जाऊन यावं. पाटीमागचं काम झालेलं दिसलं, तर ते कुणाला सांगू नये. तिथेही कुणाची तरी आई रांगेत उभी असेल.