तीस जणांची एक नाडी

यवतमाळच्या आमच्या शारीरिक शिक्षण महाविद्यालयात सुखदेवभाऊ कागदोपत्री प्रयोगशाळेचे शिपाई होते. प्रत्यक्षात ते अख्खा यवतमाळ जिल्हा होते. म्हणजे जिल्ह्यातल्या माणसांच्या तंदुरुस्तीबद्दल आमच्या कॉलेजातून आजवर जे काही शास्त्रशुद्ध लिहिलं गेलं, ते सगळं फुलसावंगीच्या या एका माणसाच्या जिवावर लिहिलं गेलं.

व्यायाम शरीरक्रियाशास्त्र अशा भारदस्त नावाच्या विषयात प्रत्येक विद्यार्थ्याला तीस माणसांची चाचणी घ्यावी लागे. माणसाला पाच मिनिटं लाकडी बाकावर चढउतार करायला लावायची, मग मिनिटभर बसवून नाडी मोजायची. नाडी जितकी लवकर खाली येईल तितका गडी तंदुरुस्त. शास्त्र सोपं होतं, अडचण माणसांची होती. मी पहिल्या दिवशी मोठ्या उत्साहाने बाक डोक्यावर घेऊन बाजार समितीत गेलो. तिथला एक शेतकरी बाकाकडे बघत म्हणाला, "सकायपासून गाडीभर कापूस खाली केला बापू, आता तुह्या बाकावर कायले चढू?" याचं उत्तर आमच्या पाठ्यपुस्तकात नव्हतं.

बाक घेऊन परत आलो तर सुखदेवभाऊ दारातच उभे. "उन्हात कायले फिरतं? मी आहो ना." हे त्यांचं पालुपद. लगेच खाकी शर्ट काढून खुंटीला लावला, बनियनवर आले आणि चढायला लागले. दिवसाला दोन माणसांहून जास्त ते 'काढत' नसत. तीसही माणसं एकाच धाटणीची निघू नयेत, याची आमच्यापेक्षा त्यांनाच काळजी. "लठ्ठ पायजे का? थांब, जेवून येतो." "व्यसनी पायजे? मंग दोन बिड्या आन." खेळाडू हवा असेल तर सकाळी उपाशीपोटी हजर. वर्गातल्या एका मुलीला गृहिणींचे आकडे हवे होते, तर भाऊ बायकांसाठीच्या ठेंगण्या बाकावर चढले. यवतमाळच्या गृहिणींची प्रकृती ठणठणीत असते, असा निष्कर्ष त्या वर्षी निघाला.

नावंही तेच सांगायचे. आपण मनाचं नाव लिहिलेलं त्यांना चालत नसे. "लिही, प्रफुल्ल. वय सत्तावीस. पोलिसात हाये. उजवा गुडघा दुखते त्याचा."

"भाऊ, गुडघ्याचा रकाना नाही."

"नसन. लिहून ठेव."

खोटेपणा इतक्या प्रामाणिकपणे करणारा माणूस मी पाहिला नव्हता. आम्ही त्यांच्या पाठीमागे हसायचो आणि वही भरायचो. भाऊंना मूलबाळ नव्हतं, बायको कधीच गेली होती, तेव्हा एवढा वेळ यांच्याकडे असणारच, असा आमचा हिशेब. पहिल्या वर्षी माझा डावा घोटा मुरगळला तेव्हा पंधरा दिवस रोज हळदीचा लेप लावून पट्टी बांधणारेही तेच. घोटा बरा झाल्यावर त्याचं श्रेय मी बर्फाला दिलं, कारण परीक्षेत बर्फ विचारतात.

पुढे मी पास झालो आणि महागावच्या एका कॉलेजात हेच भारदस्त शास्त्र शिकवायला लागलो. महागावहून यवतमाळ एसटीने दोन-अडीच तास. आठ वर्षांत मी एकदाही भाऊंना भेटायला गेलो नाही.

यंदा गेलो, तेही बाहेरचा परीक्षक म्हणून. ताठ मानेने खुर्चीत बसलो आणि अक्षय नावाच्या मुलाची वही तपासायला घेतली. चौथ्या पानावर प्रफुल्ल भेटला. वय पस्तीस, पोलिसात, उजवा गुडघा. मला आधी हसू आलं. मग पुढच्या पानांवर आमच्या वर्गातले एकेक जण निघायला लागले. वर्ध्याला दुकान टाकलेला, फौजेत गेलेला, लग्न होऊन अमरावतीला गेलेली. म्हणजे प्रफुल्लही आमच्या आधीच्या बॅचचा कुणी विद्यार्थीच असणार. भाऊंनी एकही नाव मनाने रचलं नव्हतं. शिकून गेलेल्या पोरांची वयं ते दरवर्षी एकेकाने वाढवत आले होते.

शेवटचं, तिसावं पान माझं होतं. संदीप, वय एकतीस, मास्तर, महागाव. डावा घोटा मुरगळलेला.

मला लाज वाटली. पण लाज वाटण्याइतकाही वेळ नव्हता, कारण तोवर माझी नजर नाडीच्या रकान्यावर गेली होती. वही तीन महिन्यांची. पहिल्या पानावरची नाडी मिनिटभराच्या विश्रांतीनंतर बऱ्यापैकी खाली आली होती. दहाव्या पानावर ती कमी उतरली होती, विसाव्यावर त्याहून कमी. माझ्या पानावर ती खाली आलीच नव्हती. तीस वेगवेगळ्या माणसांचं काळीज तीन महिन्यांत ओळीने थकत गेलं होतं. हे अक्षयने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं आणि त्याला काही वाटलं नव्हतं. आम्हीच कुठे कधी रकाने वाचले होते?

परीक्षेत चाचणी करून दाखवावी लागते. अक्षयने हाक मारली तसे भाऊ आले. शर्ट खुंटीला लावला आणि एवढ्यानेच त्यांना दाराची चौकट धरावी लागली. मला बघून ओळखीचं हसले, पण म्हणाले मात्र "नमस्कार सर."

"भाऊ, बसा. दम कधीपासून लागतो?"

"दिवाळीपासून असन. काही नाई होत सर. आंधी परीक्षा होऊ द्या, पोरगं नापास होईन."

"बाकावर चढायचं नाही. मी आज मुक्कामाला थांबतो, उद्या सकाळी आपण दवाखान्यात जाऊ."

"मंग बाकावर कोन चढन?"

मी बूट काढले, इन केलेला शर्ट मोकळा केला आणि बाकासमोर जाऊन उभा राहिलो. परीक्षकच चढतोय म्हटल्यावर अक्षय गडबडला. त्याने घाईघाईने पेन उघडलं.

"सर, नाव काय लिहू?"

"सुखदेव," मी म्हटलं. "वय अठ्ठावन्न. लिही, मी आहो ना."

मी पाय उचलला तेव्हा भाऊ हळूच म्हणाले, "उजवा पाय आंधी टाक बापू. डावा घोटा सांभाय."