भोंग्याला जाळी

आमच्या सात पिढ्यांत निवडून आलेला माणूस मी एकटा. सरपंच नाही, मेंबर नाही, सोसायटीचा चेअरमनही नाही. लातूरच्या एका तेलमिलमध्ये कामगारांचा सुरक्षा प्रतिनिधी. मतदान हात वर करून झालं. जिलानीनं माझ्यासाठी दोन्ही हात वर केले.

"एक मत, जिलानी," मॅनेजर व्यंकटराव म्हणाले.

"एकच हाय साहेब. उजव्याला बोटं कमी पडतेत म्हणून डावा जोडला."

त्याची दोन बोटं दोन नंबरच्या घाण्याच्या पट्ट्यानं नेली होती. मोटारीपासून घाण्यापर्यंत हा पट्टा उघडाच फिरायचा, गल्लीतल्या मोकाट बैलासारखा. बोटं गेली तेव्हा व्यंकटराव म्हणाले होते, "जिलानीचं लक्ष नव्हतं." जिलानी म्हणाला, "माजं नव्हतं साहेब, पण पट्ट्याचं व्हतं." पुढं तो त्याच पट्ट्यावर आठ बोटांनी उभा राहिला, कारण दुसरी जागा नव्हती. सैल बाही आत ओढली जाऊ नये म्हणून मनगटाला सुतळी बांधायचा.

मी निवडणुकीत एकच वचन दिलं : दोन नंबरच्या पट्ट्याला जाळी. पन्नाशीला प्रौढ शिक्षणाच्या वर्गात अक्षरं शिकलो होतो, तेव्हापासून घाण्यासमोरची 'सुरक्षा प्रथम' ही पाटी मला वाचता येत होती. वाचता येत नव्हती तेव्हा तिचा एवढा राग यायचा नाही.

त्या साली दुष्काळ होता. लातूर जिल्हा होऊन चार-पाच वर्षं झाली होती, तरी आम्ही नवा जिल्हाच म्हणायचो. नव्या जिल्ह्यात सगळं नवं होतं : कलेक्टर नवा, कचेरी नवी, आग विझवायचा लाल बंबही नवा. पाणी तेवढं जुनं होतं आणि ते संपलं होतं.

मिलच्या बॉयलरसाठी टँकर यायचा. त्यातलं उरलेलं पाणी मिलमागच्या आमच्या वस्तीला मिळायचं. पण टँकर आला की कामगार घाणा सोडून हंड्यामागं पळायचे. त्यावर व्यंकटरावांनी तोड काढली. पाळी बदलायला आखूड भोंगा, टँकर आला की लांब भोंगा. लांब भोंगा झाला की वॉचमननं फाटक सताड उघडायचं, बायांनी हंडे घेऊन आत यायचं आणि कामगारांनी जागचं हलायचं नाही. मिलमध्ये बिनचूक चालणारी एवढी एकच व्यवस्था होती.

तर निवडून आलेल्या प्रतिनिधींना तीन दिवस शिकवायला मुंबईहून साहेब आले. आसपासच्या मिलांचे प्रतिनिधीही आमच्याकडंच जमले. आवारात मांडव पडला, मला फेटा बांधला. साहेब शेवटच्या दिवशी आग विझवण्याचं प्रात्यक्षिक घेणार, मग सगळी मिल फिरून बघणार आणि जिथं धोका दिसेल तिथं सही करून बंदोबस्त लावणार. जाळीची गुंडाळी तर व्यंकटरावांनी साहेबांना दाखवायला आधीच आणून फाटकाजवळ उभी केली होती. साहेबांनी एकदा पट्टा बघायचा, की संध्याकाळी जाळी पट्ट्यावर.

"मामा," जिलानी म्हणाला, "साहेब नक्की येनार ना दोन नंबरपर्यंत?"

"मी हात धरून आणतो. निवडून आलोय मी."

साहेबांनी फळ्यावर आग काढली. आगीशेजारी माणूस काढला. माणसाच्या तोंडातून बाण काढला आणि म्हणाले, "धोका दिसला की प्रतिनिधीनं पहिलं काम काय करायचं? भोंग्याचं बटण दाबायचं. कसं? लांब."

मी हात वर केला. "साहेब, लांब भोंगा म्हंजे आमच्याकडं…"

"प्रश्न शेवटी," साहेब म्हणाले.

शेवटी चहा आला. चहानंतर साहेबांची गाडी आली. मी व्यंकटरावांना गाठलं.

"सिद्धराम, साहेब मुंबईचे हायत," ते म्हणाले. "ते म्हनतील तो भोंगा."

प्रात्यक्षिकाच्या दिवशी कापलेल्या पिंपात तेलाच्या चिंध्या पेटवल्या. शेजारी तो नवा बंब काठोकाठ भरून उभा होता. सगळ्या लातुरात त्या दिवशी एवढं पाणी एका जागी दुसरीकडं कुठं असेल असं मला वाटत नाही. साहेबांनी मला खूण केली. मी फेटा सारखा केला, सगळे बघतायत याची खात्री केली आणि बटणावर अंगठा ठेवला. ठेवला तो ठेवला. भोंगा असा लांब गेला की औशाच्या बसमधल्या लोकांनीही ऐकला असेल.

वॉचमननं फाटक सताड उघडलं.

पुढं माझी बायको गुरम्मा. डोक्यावर हंडा, कमरेला घागर. तिच्या मागं जिलानीची बायको चांदबी आणि तिच्या मागं अख्खी वस्ती. गुरम्मा बंबासमोर थांबली आणि खालून वर बघत म्हणाली, "आज टँकर लाल कसा ग बाई?"

"नव्या जिल्ह्याचा असंल," चांदबी म्हणाली. "रंग बगू नको, नळी बग."

बंबवाल्यानं नुकतीच नळी सोडली होती. ती पिंपाकडं वळायच्या आत चांदबीनं तिचं तोंड धरलं आणि आपल्या हंड्यात घातलं.

"बाई, सोडा. आग लागलीय," बंबवाला ओरडला.

"लागू दे की. आमच्याकडं तर चुलीला आग हाय आन् पातेल्यात पानी न्हाई."

"अहो, हे पाणी सरकारी आहे."

"मग आमी कुनाच्या? निजामाच्या?"

मागच्या बाया रांग लावू लागल्या. एकीनं खालची तोटी शोधली, दुसरीनं फिरवली. साहेब फळ्यावरच्या माणसासारखे तोंड उघडं ठेवून उभे होते. त्यांच्या तोंडातून बाण तेवढा निघत नव्हता.

एवढ्यात वारा सुटला. पिंपातली एक पेटती चिंधी उडाली आणि मांडवाच्या कापडावर बसली. कापड दुष्काळातलं, वाळून कडकडीत झालेलं. भसकन पेटलं. मांडवाखाली साहेबांची बॅग, मागं पेंडीच्या गोण्यांची थप्पी.

"पाणी!" साहेब पळत आले. "इकडे पाणी द्या!"

गुरम्मानं त्यांना एकदा नीट बघितलं. "रांगेत या, बाबा. हंडा आनलाय का?"

भिंतीवर लाल बादल्या टांगलेल्या होत्या, आगीसाठीच. मी धावत एक काढली. रिकामी. दुसरी, रिकामी. त्यांतलं पाणी केव्हाच पिऊन झालं होतं. तिसरीत चिमणीनं घरटं केलं होतं.

शेवटी जिलानी पट्टा सोडून आला. मांडवाचा बांबू त्यानं आठ बोटांनी उपटला, पेटतं कापड खाली ओढलं आणि दोन्ही हातांनी माती लोटायला लागला. "मामा, बगत काय राहिलाव? मातीला दुष्काळ न्हाई." मग आम्ही सगळेच माती लोटायला लागलो. पेंडीच्या गोण्या वाचल्या. साहेबांची बॅग गेली. माझा फेटा मी आगीवर आपटून आपटून काळा केला.

आग विझली तेव्हा बंब खडखडीत झाला होता आणि शेवटची बाई फाटकाबाहेर पडत होती. गुरम्मा जाता जाता म्हणाली, "आज लई पानी मिळालं. असलं शिक्षन दर आठवड्याला ठिवा."

मी साहेबांचा हात धरला. खरंच धरला. "साहेब, दोन नंबरचा पट्टा तेवढा बघा. या इथं, भिंतीपलीकडं."

साहेबांनी हात सोडवून घेतला. "तुम्हीच भोंगा दाबलात ना?"

"तुमीच म्हनलाव, साहेब. लांब."

त्यांनी अर्धवट जळालेल्या बॅगेचा कान उचलला आणि ते गाडीत बसले. भिंतीपलीकडं पट्टा फिरतच होता. जिलानी पळत त्याच्याकडं गेला, कारण घाणा रिकामा चाललेला व्यंकटरावांना खपत नसे. आग लागली तरी नाही.

मग सुरक्षा समितीची पहिली बैठक झाली. मालकांचे तिघं आणि मी. मी तोंड उघडायच्या आत व्यंकटराव म्हणाले, "मिलमध्ये सगळ्यात धोक्याची जागा कोणती, हे परवा आपण डोळ्यांनी बघितलं. भोंग्याचं बटण. उघडंच हाय. कुनीबी दाबतं."

"साहेब, पट्टा…"

"प्रतिनिधींची मागणी जाळीची होती ना?" ते बाकीच्यांना म्हणाले. "जाळी आलेली हाय. बसवून टाकू."

बसवली. बटणाभोवती पेटी करून, चारी बाजूंनी, वर कुलूप. गुंडाळी अख्खी संपली, कारण व्यंकटरावांनी दुहेरी लावायला सांगितली. काम इतकं सुबक झालं की मी स्वतः त्यातून बोट घालून बघितलं, जात नव्हतं. पट्ट्याचं पुढच्या साली बघू, असं ठरलं. कुलपाची किल्ली निवडून आलेला माणूस म्हणून माझ्याकडं दिली आणि टाळ्या वाजवल्या.

कुलूप फक्त पाळीच्या आखूड भोंग्यापुरतं काढायचं, असा व्यंकटरावांचा हुकूम; लांब भोंगा त्या दिवसापासून बंद झाला. टँकर आला तरी वस्तीला कळेना. बायांनी हंडे भरायचे ते पाणी मिलच्या बागेला जायला लागलं. गुरम्मानं महिनाभर मला पाण्याचा तांब्या हातात दिला नाही. "निवडून आलाव न्हवं," म्हणायची, "मग आना की पानी निवडून."

किल्ली मी करदोड्यात अडकवली आणि दोन नंबरकडं गेलो. जिलानी मनगटाला सुतळी बांधत होता. एका हातानं गाठ बसत नव्हती म्हणून दुसरं टोक दातांत धरलं होतं. मी वाकून गाठ मारून दिली. मागं पट्टा सूं सूं करत होता. जिलानीनं माझ्या कमरेच्या किल्लीकडं बघितलं, मग दारातून दिसणाऱ्या, भिंतीवरच्या त्या चकचकीत जाळीकडं.

"मामा," तो म्हणाला, "भोंग्याची किती बोटं गेल्ती?"

तीन दिवसांच्या शिक्षणातलं नेमकं एकच वाक्य मला त्या वेळी आठवलं.

"प्रश्न शेवटी," मी म्हणालो.